कमवाल तर गमवाल

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली दरमहा मिळणाऱ्या रकमेला लोक ‘निराधारचा पगार’ असे म्हणतात. सरकारी कागदपत्रांत तिला ‘अर्थसाहाय्य’ हे भारदस्त नाव आहे. पण लोकांनी आपला शब्द निवडला आहे आणि त्या निवडीत एक करुण विनोद दडलेला आहे. पगार म्हणजे कामाचा मोबदला. हा पगार मात्र असा, की तो चालू राहावा म्हणून काम न करणेच शहाणपणाचे ठरते. ज्या दिवशी तो घेणाऱ्या दिव्यांग माणसाने खरोखरीचा पगार मिळविला, किंवा चार पैसे हाती राहतील असा लहानसा धंदा उभा केला, त्या दिवसापासून हा सरकारी ‘पगार’ धोक्यात येतो. कमवाल तर गमवाल, असा हा रोकडा इशारा आहे. तो कोणत्याही शासन निर्णयात या शब्दांत लिहिलेला नाही. पण ज्याला उद्देशून तो आहे, त्याला तो नेमका वाचता येतो.

ही योजना १९८० सालची. विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजाराने खंगलेले आणि अपंग अशा नाना प्रकारच्या दुःखितांना तिने एका छपराखाली घेतले. चार दशकांहून अधिक काळ ती टिकली, हे तिच्या उपयुक्ततेचेच प्रमाण होय. २०१९ साली मासिक साहाय्य ६०० रुपयांवरून १,००० रुपये झाले, २०२३ साली ते १,५०० वर गेले आणि २०२५ साली दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. या वाढीसाठी मोर्चे निघाले, उपोषणे झाली, विधिमंडळात आवाज उठले. वाढ न्याय्य होती आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु रक्कम किती असावी, याविषयी इतका गलबला होत असताना, ती केव्हा काढून घेतली जावी, या प्रश्नाकडे मात्र फारसे कोणी वळले नाही. आमच्या मते खरी गोम तेथेच आहे.

योजनेचा नियम वरकरणी साधा आहे. अपंगत्व किमान ४० टक्के असले पाहिजे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ठरीव मर्यादेच्या आत असले पाहिजे. ही मर्यादा बरीच वर्षे २१,००० रुपये होती. म्हणजे अवघ्या कुटुंबाला महिन्याकाठी १,७५० रुपये. पुढे दिव्यांगांपुरती ती ५०,००० रुपये करण्यात आली. म्हणजे महिन्याला ४,१६६ रुपये. येथे दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की ही मर्यादा व्यक्तीच्या नव्हे, तर कुटुंबाच्या उत्पन्नाची आहे. नवरा पायाने अधू असेल आणि बायको शेतमजुरीला जात असेल, तर तिच्या घामाचा हिशोब त्याच्या पायाशी मांडला जातो. दुसरी गोष्ट अशी, की ही मर्यादा म्हणजे उतार नव्हे, तो कडा आहे. मर्यादेच्या अलीकडे पूर्ण रक्कम, पलीकडे शून्य. मध्ये एकही पायरी नाही.

या कड्यावरून पडणे म्हणजे काय, हे अंकगणिताने पाहू. समजा, एका कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न बरोबर ५०,००० रुपये आहे. दरमहा २,५०० प्रमाणे वर्षाचे साहाय्य ३०,००० रुपये, एकूण ८०,०००. आता त्या घरातील दिव्यांग तरुणाने घड्याळे दुरुस्त करून वर्षाला एक हजार रुपये अधिक मिळविले. उत्पन्न झाले ५१,०००. नियमाचे अक्षर पाळले, तर साहाय्य गेले. हाती राहिले ५१,०००. एक हजार रुपये कमावले आणि तीस हजार गमावले; निव्वळ तोटा २९,००० रुपयांचा! पूर्वीच्या जागी येण्यासाठीच त्या कुटुंबाला आणखी २९,००० रुपये मिळवावे लागतील. म्हणजे पन्नास हजार ते ऐंशी हजार या टापूत त्याने केलेल्या कष्टाचे मोल शून्याहूनही कमी. श्रीमंतातल्या श्रीमंताच्या उत्पन्नावर असा कर कोणत्याही सरकारने बसविला असता, तर केवढा हलकल्लोळ उडाला असता! तो कर आपण अंध, बहिऱ्या आणि पांगळ्या माणसांवर बसविला आहे, आणि त्याला साहाय्य म्हणतो.

यातून आणखी एक विचित्र निष्कर्ष निघतो. साहाय्य दरमहा १,५०० होते, तेव्हा याच कड्यावरून पडणाऱ्याचा तोटा वर्षाला १७,००० होता. रक्कम २,५०० होताच तो २९,००० होतो. रक्कम वाढली आणि मर्यादा जागच्या जागी राहिली, की दरी अधिक खोल होते. मदत जितकी मोठी, तितकी काम करण्याची भीती मोठी. केवळ रकमेच्या वाढीवर समाधान मानणाऱ्या पुढाऱ्यांनी आणि संघटनांनीही याचा विचार करावयास हवा.

मर्यादेचा अंक तरी आजच्या जगण्याशी कितपत जुळतो? २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरला होता. त्या दराने एका कुटुंबाने हमीचे पुरे १०० दिवस काम केले, तर वर्षाचे ३१,२०० रुपये होतात. म्हणजे इतर निराधारांसाठी असलेली २१,००० ची जुनी मर्यादा, सरकारनेच हमी दिलेल्या मजुरीने मोडली असती. दिव्यांगांच्या ५०,००० च्या मर्यादेचे म्हणाल, तर घरातील एका माणसाने वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी १६१ दिवस त्या दराने माती उपसली, की ती ओलांडली गेली. अर्धे वर्षही काम नाही आणि तरी हे कुटुंब सरकारच्या लेखी सावरलेले! ज्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून कामाच्या हक्काला देशात प्रथम कायद्याचे रूप दिले, त्याच राज्याची दुसरी योजना त्या कामाला गुन्ह्यासारखे वागविते, हा विरोधाभास लहान नव्हे.

आता कोणी म्हणेल, की प्रत्यक्षात इतके काटेकोर कोण पाहतो? तलाठ्याकडून बेताचा दाखला मिळतो, तो तहसील कचेरीत दाखल होतो आणि पैसे बँकेच्या खात्यात जमा होत राहतात. हे खरे आहे, आणि हीच या व्यवस्थेवरील सर्वांत कठोर टीका आहे. असा दाखला हाती असलेल्या कित्येक घरांची खरी कमाई त्याहून अधिक असते, हे दाखला मागणाऱ्यास ठाऊक असते, देणाऱ्यास ठाऊक असते आणि तपासणाऱ्यासही ठाऊक असते. जो नियम पाळून जगताच येत नाही, तो नियम लोक मोडत नाहीत. ते त्याच्या आडोशाने जगतात. पोलिओने एक पाय निकामी झालेली एखादी बाई शिवणयंत्रावर गावच्या बायकांचे कपडे शिवते. कोणी विचारले, तर ‘घरचेच शिवते, कुठला धंदा’ असे उत्तर तिच्या तोंडी तयार असते. ती दुकानाची पाटी लावीत नाही, बँकेत धंद्याचे खाते उघडीत नाही, शाळेच्या गणवेशांचे मोठे काम चालून आले तर ते दुसरीकडे वळविते. तिच्या हातात कसब आहे, गावात गिऱ्हाईक आहे, अंगात हिंमत आहे. नाही ती फक्त एवढीच खात्री, की उद्या यंत्र बंद पडले किंवा पाठीने दगा दिला, तर सोडलेले साहाय्य पुन्हा मिळेल. धरले तर चावते आणि सोडले तर पळते, अशी तिची गत. आपण तिला लबाड म्हणणार काय? लबाडी तिची नव्हे. एका प्रामाणिक स्त्रीला आपले कर्तृत्व चोरीच्या मालासारखे लपवावयास लावणाऱ्या नियमाची ती लबाडी आहे.

या प्रश्नाचे मूळ शोधू गेल्यास ते आपल्या मनातील एका जुन्या समजुतीत सापडते. अपंग म्हणजे काम करू न शकणारा, आणि काम करू शकणारा म्हणजे अपंग नव्हे, ही ती समजूत. दुर्दैवाने आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतही तिची सावली पडली आहे. राज्यांच्या सूचीतील नववी नोंद विकलांग आणि कामास लावण्याजोग्या नसलेल्या व्यक्तींच्या साहाय्याविषयी आहे. दोन निराळे समूह तेथे एका दावणीला बांधले गेले. पण त्याच घटनेचा एक्केचाळिसावा अनुच्छेद काय सांगतो, हेही पाहिले पाहिजे. आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत राज्याने कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता या प्रसंगी सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्याची तजवीज करावी, असे त्याचे सांगणे आहे. काम आणि साहाय्य घटनाकारांनी एकाच वाक्यात, शेजारी शेजारी बसविले. त्या दोहोंच्या मध्ये त्यांनी ‘आणि’ लिहिले. आमच्या योजनांनी तेथे ‘किंवा’ घातले. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याची अंमलबजावणी न्यायालयातून करून घेता येत नाही, हे आम्ही जाणतो. पण मार्ग दाखविणाऱ्या पाटीकडे पाठ करून चालणे, हे काही मार्ग न दिसल्याचे लक्षण नव्हे.

गंमत अशी, की जो दिव्यांग आधीच नोकरीत स्थिरावला आहे, त्याच्या बाबतीत हेच सरकार हा ‘आणि’ आनंदाने मान्य करते. आमच्या वाचकांत शिक्षक आणि कारकून पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या कचेरीतील दिव्यांग सहकाऱ्याच्या पगारपत्रकाकडे पाहावे. महाराष्ट्रात ४० टक्क्यांहून अधिक कायम अपंगत्व असलेल्याला व्यवसाय करातून सूट आहे. केंद्र सरकार आपल्या दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाहतूक भत्ता दुप्पट दराने देते. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०-यू या कलमाने जुन्या कररचनेत अशा करदात्याला ७५,००० रुपयांची, आणि अपंगत्व तीव्र असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट दिली. या सवलतींमागील विचार निर्विवाद योग्य आहे. दिव्यांग माणूस कामावर जाऊ लागला, की त्याचा खर्च वाढतो. एसटीत चढता येत नाही म्हणून रिक्षा करावी लागते. कृत्रिम पाय झिजतो, श्रवणयंत्राची बॅटरी संपते, वाचून दाखविणाऱ्याला किंवा हात धरून नेणाऱ्याला काही द्यावे लागते. दोघांची कमाई सारखी असली, तरी दोघांची शिल्लक सारखी नसते. हा विचार मासिक पगार घेणाऱ्या बाबूला लागू पडतो, तर मग बाजारात भाजी विकणाऱ्या, झाडाखाली सायकली दुरुस्त करणाऱ्या दिव्यांगाला तो का लागू पडू नये? वरच्या पायरीवर उभ्या असलेल्याला कमाई असूनही सवलत, आणि खालच्या पायरीवर पाय ठेवू पाहणाऱ्याला कमाईमुळेच शिक्षा, हा न्याय कोणता?

त्यातही स्वयंरोजगाराची कथा अधिक विदारक आहे. नोकऱ्या थोड्या; २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सरकारी नोकरीतील राखीव जागांचे प्रमाण तीनवरून चार टक्के केले, तरी त्या साऱ्यांना पुरणाऱ्या नव्हेत. म्हणून सरकार सांगते, की स्वतःच्या पायावर उभे राहा. त्यासाठी कर्ज देणारे एक दिव्यांग वित्त व विकास महामंडळ राज्याने स्थापिले आहे, बीजभांडवलाची योजना आहे, प्रशिक्षणाची केंद्रे आहेत. एका खिडकीवर कर्ज घेऊन दुकान थाटावे, ते जरा चालू लागले की दुसऱ्या खिडकीवर साहाय्य बंद व्हावे, आणि कर्जाचा हप्ता मात्र तिसऱ्या खिडकीवर बिनचूक भरावा, असा हा प्रवास आहे. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, ही म्हण आपण जुन्या काळाची समजतो. ती आजच्या प्रशासनाचे सुबक वर्णन करते.

शिवाय धंदा म्हटला, की त्याला भरती-ओहोटी आलीच. एके काळी बसस्थानकांवर, रेल्वे फलाटांवर, दवाखान्यांच्या दारांत सार्वजनिक दूरध्वनीचे पिवळे फलक लावलेली खोकी दिसत. त्यांतील पुष्कळ दिव्यांगांना मुद्दाम दिली गेली होती आणि त्यांवर कित्येकांचे संसार उभे राहिले. मग खिशाखिशांत मोबाइल आला आणि थोड्याच वर्षांत ती खोकी नाहीशी झाली. त्यात त्या चालकांचा काय अपराध होता? धंदा बुडाला, की इतर कोणी दुसरा शोधतो. दिव्यांगाला दुसरा तितक्या सहजी सापडत नाही. अशा माणसाला एकदा मर्यादा ओलांडली म्हणून यादीतून बाहेर काढले, तर पुन्हा आत येण्यासाठी त्याला प्रथमपासून सारे करावे लागते: दाखले, अर्ज, समितीची बैठक आणि मंजुरीची वाट. परतीचा दरवाजा बंद असेल, तर घराबाहेर पडण्याचे धाडस कोण करील?

परदेशांत या पेचाचा विचार कसा झाला, हे पाहणे येथे उद्बोधक ठरेल. अमेरिकेत १९५६ साली विकलांगता विमा सुरू झाला. तेथील कायद्यात विकलांगतेची व्याख्याच मुळी लक्षणीय कमाईचे काम करता न येणे अशी आहे. तेव्हा काम आणि लाभ यांचा विरोध तेथे व्याख्येतच बसलेला आहे. लक्षणीय कमाईची ही सीमा २०२६ सालासाठी दृष्टिहीनांखेरीज इतरांना दरमहा १,६९० डॉलर ठरविण्यात आली. इतका मूलभूत विरोध असूनही त्या देशाने मार्ग काढला. विमाधारकाला पाच वर्षांच्या अवधीत नऊ महिने कितीही कमावून पाहण्याची मुभा आहे. त्या काळात लाभ बंद होत नाही. त्यानंतरच्या ३६ महिन्यांत ज्या महिन्यात कमाई सीमेखाली घसरेल, त्या महिन्याचा लाभ मिळू शकतो. आणि पुढेही पाच वर्षांच्या आत त्याच आजाराने काम सोडावे लागले, तर प्रकरण लवकर पुन्हा उघडण्याची सोय आहे. गरिबांसाठीच्या तेथील दुसऱ्या योजनेत कमाईचा पहिला लहानसा भाग सोडून देतात आणि नंतर दर दोन डॉलर कमाईमागे एक डॉलर कापतात. कड्याच्या जागी उतार. ब्रिटनमध्ये २०१३ पासून सुरू झालेला एक भत्ता तर विकलांगतेच्या वाढीव खर्चासाठीच दिला जातो. त्याला उत्पन्नाची अट नाही, घेणारा नोकरी करतो की नाही, हेही विचारले जात नाही.

याचा अर्थ त्या देशांत सारे आलबेल आहे, असा नव्हे. अमेरिकेतील त्या गरिबांच्या योजनेत एकट्या माणसाला २,००० डॉलरहून अधिक शिल्लक बाळगता येत नाही आणि हा आकडा १९८९ पासून हललेला नाही. मर्यादा एकदा लिहावी आणि महागाईने तिला कुरतडत बसावे, हा रोग सार्वत्रिक दिसतो. परंतु एक महत्त्वाचा भेद आहे. आपल्याकडे अपंगत्व ठरते ते वैद्यकीय मापाने. डॉक्टर टक्के ठरवितात. माणूस काम करतो की नाही, यावर ते टक्के अवलंबून नाहीत. ज्याची दृष्टी गेली, तो शाळेत शिकवू लागला म्हणून डोळस होत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातील २ कोटी ६८ लाख दिव्यांगांपैकी सुमारे ३६ टक्के, म्हणजे एक कोटीच्या जवळपास माणसे कोणते ना कोणते काम करीत होती. तेव्हा आपल्या व्याख्येत काम आणि अपंगत्व यांचे मुळात भांडण नाहीच. ते भांडण आपल्या उत्पन्नाच्या अटीने लावून दिले आहे. ज्यांच्या कायद्यातच हा विरोध आहे, त्यांनी तो सौम्य केला. ज्यांच्या कायद्यात तो नाही, त्या आम्ही तो निर्माण केला.

या मताला तीन आक्षेप घेतले जातील. पहिला लबाडीचा. बनावट अपंगत्व प्रमाणपत्रांची प्रकरणे २०२४ साली देशभर गाजली आणि त्यामुळे सर्वच दिव्यांगांकडे संशयाने पाहण्याची वृत्ती बळावली. बनावट प्रमाणपत्र घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला कठोर शासन झालेच पाहिजे. पण त्याचा उत्पन्नाच्या कड्याशी काय संबंध? जो अपंगत्व खोटे दाखवितो, तो उत्पन्नही खोटे दाखवितो; त्याला ही अट अडवीत नाही. ती अडविते खऱ्या अपंगाला, खऱ्या कमाईला आणि खरे बोलणाऱ्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. राज्यावर आधीच योजनांचा भार आहे, त्यात ही भर कशाला? खर्च मुळीच वाढणार नाही, असे आम्ही म्हणत नाही. पन्नास हजारांच्या वर ज्यांना आज काही मिळत नाही, त्यांतील काहींना थोडे मिळू लागेल. परंतु जे लोक आज भीतीपोटी कमाई लपवितात किंवा टाळतात, त्यांना पूर्ण रक्कम द्यावीच लागते. ते उघडपणे कमावू लागले, तर त्यांच्या रकमेत कपात होईल आणि तिजोरीचे तेवढे वाचेलही. आरंभी ही सोय केवळ आजच्या लाभार्थ्यांना काम सुरू केल्यावर लागू करावी. म्हणजे भार आटोक्यात राहील.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत प्रतिष्ठित: मदतीने माणूस आळशी होतो. त्याला महाराष्ट्रातच उत्तर उभे आहे. गेल्या शतकाच्या मध्यास बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळच्या माळरानावर आनंदवन वसविले. समाजाने गावकुसाबाहेर टाकलेल्या कुष्ठरुग्णांनी तेथे विहिरी खणल्या, शेती फुलविली, हातमाग चालविले. दयेपेक्षा काम श्रेष्ठ, असा धडा त्यातून सारेच घेतात. पण अर्धा धडा घेऊन चालणार नाही. आनंदवनात त्या माणसांना आधी औषध मिळाले, डोक्यावर छप्पर मिळाले, अन्नाची शाश्वती मिळाली. आणि काम करू लागले म्हणून त्यांचे औषध आणि छप्पर कोणी काढून घेतले नाही. आधार होता म्हणून श्रम शक्य झाले. तेथेही ‘आणि’च होते, ‘किंवा’ नव्हते.

मग करावे काय? आमच्या सूचना मोजक्या आहेत आणि त्यांपैकी एकीसाठीही नवे खाते काढण्याची गरज नाही. पहिली, कड्याच्या जागी उतार करावा. मर्यादेवरील दर दोन रुपये उत्पन्नामागे एक रुपया कापावा. म्हणजे वर सांगितलेल्या तरुणाचे उत्पन्न ५१,००० झाले, तर साहाय्य ३०,००० वरून २९,५०० होईल आणि हाती ८०,५०० राहतील. उत्पन्न ७०,००० झाले, तर ९०,०००. एक लाख दहा हजारांवर साहाय्य आपोआप संपेल. कमावलेला प्रत्येक रुपया घरात काही ना काही भर घालील. दुसरी, काम किंवा धंदा सुरू केल्यापासून पहिली दोन वर्षे साहाय्याला हात लावू नये. धंद्याचे उत्पन्न मोजताना गल्ल्यातील जमा नव्हे, खर्च वजा जाता उरलेला वर्षाचा नफा धरावा. कर्जाची रक्कम तर उत्पन्नात धरूच नये. तिसरी, मर्यादा ओलांडणाऱ्याचे प्रकरण रद्द न करता स्थगित ठेवावे आणि पाच वर्षांच्या आत एका साध्या अर्जावर ते पुन्हा चालू व्हावे. चौथी, मर्यादेचा अंक किमान वेतनाशी जोडून दरवर्षी आपोआप वाढावा. त्यासाठी दर वेळी उपोषणाचा मंडप पडू नये. पाचवी आणि अखेरची, दिव्यांगांचे साहाय्य ‘निराधार’ या छत्राखालून काढून निराळे करावे. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तत्सम योजनांहून किमान २५ टक्के अधिक असावे, असे म्हटले आहे. त्यांचा खर्च निराळा आहे, हे कायद्याने ओळखले ते असे. त्याच कायद्याने निवृत्तिवेतनाला उत्पन्नाची मर्यादा लावण्याची मुभा दिली आहे, हे खरे. पण मर्यादा म्हणजे कडाच असला पाहिजे, असे कायदा कोठेही सांगत नाही.

‘अपंग’ हा शब्द मानहानिकारक वाटला म्हणून आपण तो बदलला आणि ‘दिव्यांग’ असा शब्द आणला. २०२२ साली राज्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र विभागही स्थापन केला. नावे बदलली, फलक बदलले. अट मात्र राहिली. एखाद्याच्या ठायी दिव्यत्व आहे असे म्हणावयाचे, आणि त्याने त्या दिव्यत्वाच्या बळावर चार पैसे मिळविले की त्याच्या ताटातली भाकरी उचलावयाची, यापेक्षा तो जुना रोखठोक शब्द बरा होता, असे कोणी म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे? दिव्यांग माणूस सरकारकडे सन्मानाचे शब्द मागत नाही. तो एवढेच मागतो, की माझ्या शिवणयंत्राचा आवाज शेजारी ऐकू गेला, तर मला भीती वाटू नये. ज्या राज्यात त्या बाईला आपल्या दारावर ‘येथे कपडे शिवून मिळतील’ अशी पाटी निर्धास्तपणे लावता येईल, त्या राज्याला घटनेतील तो लहानसा ‘आणि’ वाचता आला, असे म्हणता येईल.